आमच्या घरची छत्री

आमच्या आईच्या घरी दोन छत्र्या आहेत. एक दाराआड खुंटीला टांगलेली असते. पाऊस आला की ती बाहेर निघते. दुसरी स्लॅबवर असते. पाऊस आला की ती काम थांबवते! ही दुसरी छत्री मी बसवली. मी स्वतः, स्वतःच्या हातांनी, तेरा नंबरचा पाना घेऊन. आणि ती बसवता बसवता माझ्या आईबद्दल जे कळलं, ते पंधरा वर्षांच्या पत्रकारितेत मला कुणी शिकवलं नव्हतं.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात, सासवडपासून चार-पाच मैलांवर. अंजीर आणि सीताफळाचा मुलूख. दगड-मातीचं जुनं घर, त्याला मागाहून जोडलेली स्लॅबची एक खोली, दारात कडुलिंब. २०२२ च्या डिसेंबरात अण्णा गेले आणि या घरात आई एकटी उरली. दादा बंगळूरला, मी मुंबईला. दोघांनीही रीतसर आग्रह केला. आई दोघांकडे पंधरा-पंधरा दिवस राहून आली आणि म्हणाली, "घर बंद ठेवलं की वाळवी लागते रे." पुढे तिनं तो विषय काढू दिला नाही.

त्यानंतर तिचा रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला फोन येऊ लागला. "जेवलीस का?" सात वाजता मुंबईत कोण जेवतं? मी ऑफिसात असायची, हातात अर्धवट मजकूर. "आई, नंतर करते गं," म्हणून फोन ठेवायची. मनात म्हणायची, वय झालं, वेळेचं भान राहत नाही. खरं म्हणजे भान मलाच नव्हतं.

झाकलेला टीव्ही

२०२३ च्या मे महिन्यात लेकीला घेऊन गावी गेले. संध्याकाळी सवयीनं म्हटलं, "आई, साताच्या बातम्या लाव ना." आई म्हणाली, "राहू दे गं, डोळे दुखतात." टीव्हीवर तिनं स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल पसरला होता. मला वाटलं, धूळ बसू नये म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी आठ वर्षांच्या लेकीनं रुमाल बाजूला केला आणि रिमोट दाबला. पडद्यावर एकच पाटी: रिचार्ज संपला आहे. महिन्याकाठी पैसे भरायची डिश होती ती. तिचं खातं अण्णांच्या मोबाइल नंबरावर. अण्णा गेले, नंबर बंद झाला आणि जानेवारीत टीव्हीही बंद पडला. जानेवारी ते मे, पाच महिने!

"आई, मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? तुम्ही पैसे पाठवालच. पण दर महिन्याला लेकराला आठवण करायची, आता पैसे टाक म्हणून... ते मला नाही जमायचं."

"मग संध्याकाळी करतेस काय?"

"दिवा लावते. भाकरी टाकते. तुला फोन करते. मग आडवी होते."

वाचकहो, या पाच महिन्यांत मी एकाकी वृद्धांवर दोन लेख लिहिले होते. दोन्हींना छान पत्रं आली होती.

मी तडक फोन काढून पैसे भरायला लागले. आईनं माझ्या हातावर हात ठेवला. "थांब. महिन्याचं झंझट नकोच मला. वर अण्णांनी लावलेला अँटेना आहे की. त्यावर फुकट दिसायचं सगळं."

सिंहगडाकडे तोंड करून

माझ्या पिढीला अँटेनाची गोष्ट सांगायला नको. पण आमच्या मुलांना ती खोटी वाटते, म्हणून सांगते.

आपल्या देशात टीव्ही आला तो १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत, प्रयोग म्हणून. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्याच वर्षी सिंहगडावर प्रक्षेपणाचा मनोरा उभा राहिला आणि मुंबईचं चित्र पुण्याला दिसू लागलं. ज्या गडावर तानाजी मालुसरे पडले, त्या गडावरून आमच्या घरात 'आमची माती, आमची माणसं' यायचं. पंचक्रोशीतल्या झाडून साऱ्या घरांवरच्या अँटेनांची तोंडं सिंहगडाकडे. आमच्या गावाहून ती पश्चिमेला. परक्या माणसाला दिशा सापडत नसेल, तर त्यानं फक्त छपरं बघावीत!

अण्णांनी लोखंडी पाइपावर अँटेना चढवला, तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. वारा सुटला की तो फिरायचा आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग घरातले सगळे आपापल्या जागी. अण्णा वर, मी दारात, आई टीव्हीपुढे.

"आलं का?" वरून अण्णा.

"आलं का?" मी आत.

"आवाज आला, चित्र नाही," आई.

"चित्र नाही!" मी वर.

असं पाव तास चालायचं. कधी अण्णांनी पाइप धरून ठेवला तरच चित्र दिसायचं. सोडला की गेलं. एका रविवारी 'शक्तिमान'चा निम्मा भाग आम्ही असा पाहिला आहे. अण्णा वर पाइप धरून उभे आणि आम्ही खाली मजेत! संध्याकाळी प्रदीप भिडे यांचा आवाज घुमला की आई कणीक मळायला घ्यायची. घड्याळाकडे बघायची गरजच नसायची.

तर आईच्या शब्दाला मान देऊन मी वर चढले. अँटेनाच्या दोन काड्या गेल्या होत्या, चपटी वायर उन्हानं तडकली होती. नवी वायर आणली, जोडली, टीव्हीला शोधायला लावलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या! तासभर अँटेना फिरवला. मुंग्या काही हटेनात.

हटणार कशा? सिंहगडाकडून काही येतच नव्हतं. दूरदर्शननं आपली जुन्या पद्धतीची जमिनीवरची प्रक्षेपणं टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि २०२२ पर्यंत सीमेजवळच्या आणि मोक्याच्या थोड्या जागा सोडल्या, तर देशभरची बहुतेक केंद्रं मिटली. २०१६ साली मुंबई, औरंगाबाद धरून १६ शहरांत जमिनीवरूनच डिजिटल प्रक्षेपणाचा प्रयोग झाला, पण तो आमच्या छपरापर्यंत पोचणारा नव्हता.

मी खाली येऊन आईला सांगितलं, "आई, सिंहगड बंद झाला."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अण्णांना सांगितलं नाही ते बरं झालं. ते मागच्या दिवाळीतसुद्धा काड्या पुसायला वर चढले होते."

दोन फुटांची छत्री

रात्री झोप लागेना. फोनवर वाचत बसले, तेव्हा सरकारी मोफत छत्रीची आठवण झाली. दूरदर्शनची 'डीडी फ्री डिश'. १६ डिसेंबर २००४ रोजी ती 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावानं सुरू झाली, ३३ वाहिन्या घेऊन. आज ती देशातल्या चार कोटींहून जास्त घरांत असावी, असा अंदाज आहे. पण शहरातल्या आपल्या लोकांना तिची गंधवार्ता नसते. एकदा सामान घ्यायचं, मग महिन्याला एक पैसा नाही. फुकट कसं परवडतं? तर खासगी वाहिन्या लिलावात बोली लावून तिथं जागा घेतात. पैसे बघणारा देत नाही, दाखवणारा देतो.

या उपग्रहांच्या टीव्हीशी भारतातल्या खेड्यांची ओळख तशी जुनी. १९७५-७६ मध्ये वर्षभर, अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत 'साइट' प्रयोग झाला. त्या वेळच्या छत्र्या दहा फूट रुंद, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या. आता दोन फुटांत काम भागतं.

सकाळी सासवडला गेले. छत्री, तिच्या तोंडाशी बसणारा एलएनबी, बॉक्स आणि वायर मिळून सोळाशे रुपये. "बसवायला पोरगा देऊ का?" दुकानदारानं विचारलं. पोरगा चार दिवसांनी मोकळा होणार होता आणि मला तिसऱ्या दिवशी मुंबई गाठायची होती. म्हटलं, "नको, मी बसवते." दुकानदारानं माझ्याकडे, मग माझ्या चपलांकडे पाहिलं आणि पाना फुकट दिला.

ज्यांना हा उद्योग करायचा असेल, त्यांच्यासाठी माझ्या चुका सांगते.

पहिली चूक दिशेची. माझ्या मनात सिंहगड इतका पक्का, की मी छत्री पश्चिमेला धरली! उपग्रह होता भलतीकडे. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कौरूहून सोडलेला आपला जीसॅट-१५ विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६,००० किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाला असतो. आमच्या गावाहून तो आग्नेयेला, म्हणजे जेजुरीच्या अंगाला, जरासा दक्षिणेकडे. होकायंत्रावर १३२ अंश आणि क्षितिजापासून ५९ अंश वर. जसजसं उत्तरेला जावं तसतसा तो खाली येतो. इंदूरला साधारण ५७ अंश, दिल्लीला ५२. आई म्हणाली, "खंडोबाकडे तोंड कर की मग, सरळ सांग ना!"

दुसरी चूक खांबाची. छत्रीचा खांब तिरका असेल, तर पट्टीवरचे अंश खोटे ठरतात. शेजारच्या तात्यांनी गवंडीकामातला ओळंबा आणून दिला, तेव्हा कळलं की माझा 'सरळ' खांब चांगला बोटभर कलला होता.

तिसरी चूक नजरेची. ही छत्री समोरून आलेलं न धरता थोडं वरून तिरकं आलेलं झेलते. त्यामुळे ५९ अंशांवर लावूनही ती दिसायला बरीच उभी दिसते. मी ती आकाशाकडे तोंड करून परातीसारखी ठेवली होती. तात्या म्हणाले, "पाणी साठवायचंय का?"

चौथी चूक सगळेच करतात. बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या असतात, एक 'स्ट्रेंग्थ'ची, एक 'क्वालिटी'ची. पहिली भरली म्हणून मी खाली येऊन पेढे वाटायच्या बेतात होते. पण ती पट्टी वायर नीट जोडली असली तरी भरते, छत्री कुठंही बघत असो! खरी ती क्वालिटीची. ती माझी शून्यावर.

"अठ्ठावीस! बत्तीस! गेलं!"

आता वर-खाली निरोप न्यायचा प्रश्न आला. मी वर, लेक दारात, आई टीव्हीपुढे. तीच रचना, फक्त माणसं एकेक पायरी सरकली होती. अण्णांच्या जागी मी होते, माझ्या जागी माझी लेक. आईची जागा मात्र तीच.

मोबाइलवर बोलू म्हटलं, तर आई म्हणाली, "फोन कानाला लावला की मला आकडे दिसत नाहीत." मग आरडाओरडाच बरा.

"आलं का?"

"आलं का, आजी?"

"शून्य!"

"शून्य!"

मी छत्री केसभर सरकवायची आणि मनात तीनपर्यंत मोजायचं, कारण बॉक्सला आकडा दाखवायला वेळ लागतो. हे मला आईनंच ओरडून सांगितलं: "घाई करू नकोस गं, भाकरी उलटल्यासारखी फिरवू नकोस! दमानं."

दुपारी दोनच्या सुमारास पहिल्यांदा अठरा आले. मग अठ्ठावीस. बत्तीस. वाऱ्याची झुळूक आली आणि गेलं! पुन्हा तीस, पुन्हा शून्य. छत्री हलत नव्हती, मग आकडा का हलतोय? वर पाहिलं, तर आग्नेयेला आमचा कडुलिंब. पानं हलली की आकडा हलत होता.

तात्या म्हणाले, "एवढी फांदी उडवा, काम झालं." त्यांनी कुऱ्हाड आणायला नातवाला पिटाळलंसुद्धा. आई घरातून बाहेर आली. पाच महिने टीव्ही नाही म्हणून चकार शब्द न काढलेली माझी आई. म्हणाली, "फांदीला हात लावायचा नाही. टीव्ही नको मला. यांची खाट दुपारी तिथं असायची."

कुणी काही बोललं नाही. तात्यांनी नातवाला परत बोलावलं.

मी वर बसून हिशेब केला. झाड स्लॅबपेक्षा फार तर वीस फूट उंच. उपग्रह ५९ अंश वर. म्हणजे झाडापासून बारा फूट मागं सरकलं की नजर त्याच्या शेंड्यावरून जाणार. आमची स्लॅब सोळा फुटांची. खांब उखडला, पश्चिमेच्या कडेला नेला, पुन्हा भोकं पाडली, पुन्हा ओळंबा. हाताला फोड आले. दुसऱ्या टोकाला अण्णांच्या अँटेनाचा पाइप होता, त्याचाच आधार घेऊन उभी राहिले.

एलएनबीची मानही थोडी वाकडी करावी लागते, तेही तेव्हाच उमगलं. ती फिरवली आणि खालून आईचा आवाज आला. या वेळी लेकीच्या निरोपाची वाट न बघता, थेट स्लॅबपर्यंत:

"साठ! अडुसष्ट! बहात्तर! हात काढ! हात काढ तिथून!"

सगळे बोल्ट आवळले. छत्रीच्या खांबावर, ती जिथं वळली होती तिथं, नेलपॉलिशनं एक आडवी रेघ ओढून ठेवली. खाली आले, तेव्हा सहा वाजून गेले होते. 'सह्याद्री' लागली होती. ही आपली मराठी वाहिनी १५ ऑगस्ट १९९४ पासूनची. आई पडद्याकडे न बघता परात घेऊन बसली होती, कणीक मळत. सातच्या बातम्यांची धून वाजली. तिनं रुमालाची घडी करून कपाटात ठेवली.

फुकटातलं काय आणि काय नाही

सगळं गोड गोड लिहिणं बरं नव्हे. पैसे भरून दिसणाऱ्या बऱ्याच वाहिन्या या छत्रीवर नसतात, आणि असतात त्याही लिलावानुसार येतात-जातात. आईची आवडती मालिका गेली. मला वाईट वाटलं, तर म्हणाली, "बरंच झालं. सहा महिने एकच पूजा चालली होती, प्रसाद काही मिळेना."

क्रिकेटचं मात्र उलट. देशासाठी महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं, असा २००७ चा कायदा आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की हे मिळालेलं चित्र दूरदर्शननं आपल्या जमिनीवरच्या आणि मोफत छत्रीच्या प्रक्षेपणातच दाखवायचं. म्हणून पैसे भरणाऱ्याच्या घरी दूरदर्शनवर तो सामना दिसत नाही आणि फुकटवाल्याकडे दिसतो! तात्यांना हे कळल्यापासून सामन्याच्या दिवशी ते आमच्याकडे असतात.

आणि पाऊस. या लहरी इतक्या बारीक असतात, की मोठ्या पावसाचे थेंब त्यांना वाटेतच गिळतात. सर ओसरली की चित्र आपोआप येतं. तेवढ्यासाठी छत्रीला हात लावू नये. विजा कडाडायला लागल्या, तर बॉक्सची पिन आणि वायर दोन्ही काढून ठेवावी. सामान घेताना बॉक्स एमपीईजी-४ चा मागावा, म्हणजे दोन्ही प्रकारच्या वाहिन्या दिसतात. बॉक्सच्या यादीत एलएनबीसमोर ०९७५०-१०६०० असा आकडा निवडावा. वायर जोडताना बॉक्स बंद ठेवावा आणि आतल्या तांब्याच्या तारेला बाहेरच्या जाळीचा एकही केस शिवू देऊ नये. आणि स्लॅबला कठडा नसेल, तर एकट्यानं चढू नये. टीव्हीपेक्षा हाडं महाग.

त्या जुलैत एका रात्री मोठा वारा झाला. सकाळी मी घाबरून फोन केला, "आई, छत्री हलली असेल. मी रविवारी येते."

"कशाला? झालं की. तात्यांच्या नातवाला वर चढवलं. तुझ्या रेघेवर आणायला लावलं. मी खालून आकडे सांगितले. बहात्तरची आता चौऱ्याहत्तर झाली, तुझ्यापेक्षा दोन जास्त!"

त्यानंतर गावात कुणाची छत्री हलली, की आईला बोलावणं येतं. ती वर चढत नाही. टीव्हीपुढे स्टुलावर बसते आणि दमानं, दमानं म्हणत आकडे सांगते.

अण्णांचा अँटेना आम्ही काढला नाही. त्याचं तोंड अजून सिंहगडाकडे आहे, छत्रीचं जेजुरीकडे. त्याच्या पाइपाला आईनं कपडे वाळवायची दोरी बांधली आहे.

एक मात्र बदललं. सातचा तो फोन बंद झाला. पहिल्या आठवड्यात मला हायसं वाटलं, दुसऱ्या आठवड्यात चुकल्यासारखं. एकदा न राहवून मीच ऑफिसातून सातला फोन लावला. "जेवलीस का गं आई?"

"सात वाजता कोण जेवतं?" आई म्हणाली. "बातम्या लागल्यात. साडेसातला कर."

तेव्हापासून मी साडेसातला करते. रोज. दर महिन्याला आठवण करायला लागू नये म्हणून सोळाशे रुपयांची छत्री बसवली. ही रोजची आठवण मात्र मलाच ठेवावी लागते.